शब्दसंपत्तीचा जुहूतला भाव

जुहूत संपत्ती दोन प्रकारची. एक स्थावर. तिचा भाव चौरस फुटावर ठरतो आणि तो नुसता कानावर आला तरी मध्यमवर्गीय मराठी माणूस मुकाट्याने विलेपार्ले स्टेशनची वाट धरतो. दुसरी शब्दसंपत्ती. तिचा भाव अक्षरांवर ठरतो. पाच अक्षरी इंग्रजी शब्द कोणालाही परवडतो, बारा अक्षरीला क्लास लावावा लागतो आणि एकोणतीस अक्षरी वापरायचा तर खासदार व्हावं लागतं. पहिल्या संपत्तीच्या बातम्या वर्तमानपत्रं आवडीने छापतात, दुसरीचा हिशेब कोणी मांडत नाही. म्हणून इथे एक विधान करून टाकतो आणि मग ते निस्तरत बसतो. अवघड इंग्रजी शब्द आपण ज्या रीतीने पाठ करतो, तिचा बोलण्याशी, लिहिण्याशी आणि खुद्द अर्थाशीही फारसा संबंध उरलेला नाही. शब्द मिळवायचा तो समोरच्याला काही सांगायला नव्हे, समोरच्याने काही विचारू नये म्हणून. आणि गंमत अशी, की जिथे या शब्दांना एवढी मागणी, त्या जुहूचा रोजचा व्यवहार मात्र मोजक्या, वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दांवर बिनबोभाट चालू असतो.

पुरावा गोळा करायला लांब जायला नको. जुहू आणि पार्ले यांच्या मधल्या जेव्हीपीडी स्कीममध्ये मिठीबाई, नरसी मोनजी, द्वारकादास संघवी इंजिनीअरिंग अशी कॉलेजं एकमेकांना खेटून उभी आहेत. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष लागलं आणि अमेरिकेचे वेध लागले, की मुलं जीआरईच्या शब्दांना भिडतात. बॅरन्सच्या जाडजूड पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी कित्येक पिढ्यांनी पाठीवरच्या सॅकमधून वाहिली. आता ती यादी मोबाइलवर आली, फ्लॅशकार्डं आली, पण वर्णानुक्रमाचा मोह काही सुटलेला नाही. यादी अबेस, अबॅश, अबेट अशी सुरू होते आणि अभ्यासाचा जोर पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे या मुलांचं इंग्रजी ‘ए’मध्ये गर्भश्रीमंत, ‘बी’मध्ये खाऊनपिऊन सुखी, ‘सी’मध्ये हातातोंडाशी गाठ आणि ‘डी’च्या पुढे थेट दारिद्र्यरेषेखाली असतं. पाऊस ओसरला की तो ‘अबेट’ होतो, सबमिशन लांबलं की ‘अबेयन्स’मध्ये जातं, डोशाचे पैसे न देता मित्र सटकला की तो ‘अबस्कॉण्ड’ होतो. ‘ए’पासून सुरू होणारं कोणतंही संकट यावं, त्यांची तयारी असते. ‘एम’पासून सुरू होणारं दुःख मात्र त्यांना शेवटपर्यंत मराठीतच भोगावं लागतं.

पाठांतराला पुन्हा खुणा लागतात. कॅकोफनी म्हणजे कर्णकर्कश गोंगाट. लक्षात कसं ठेवायचं, तर ‘काकूंचा फोन’. पॉसिटी म्हणजे टंचाई; ‘पाव सिटीत मिळत नाही’. असल्या खुणांमधली कल्पकता पाहिली, की ही मुलं इंजिनीअरिंगला कशाला आली, असा प्रश्न पडतो. खूण पक्की बसते, यात वाद नाही. पण परीक्षा झाली की शब्द जातो आणि काकू राहतात. त्याहून मोठी अडचण एका शब्दाला एकच अर्थ चिकटवण्याची. कार्डाच्या एका बाजूला ‘टर्स’, दुसऱ्या बाजूला ‘शॉर्ट’. मग टर्स पॅन्ट घालून चौपाटीवर फिरायला हरकत कोणती? ‘ओबीज’ म्हणजे जाड असेल तर जीआरईचं पुस्तकही ओबीजच. टर्स बोलण्यात थोडा तुटकपणा असतो, ऐकणाऱ्याला तो किंचित लागतो, ही गोष्ट कार्डावर मावत नाही. मराठीत खडूस, तुसडा आणि माणूसघाणा यांतला फरक कोणी पाठ केलेला नाही. ती तीन माणसं आपल्याला वेगवेगळ्या वेळी, बहुधा एकाच सोसायटीत, भेटलेली असतात. इंग्रजी शब्दाच्या बाबतीत माणूस भेटण्याआधीच नाव पाठ झालेलं असतं, आणि पुढे तो माणूस समोर येऊन उभा राहिला तरी ओळख पटत नाही.

या सगळ्या उद्योगाचे आद्यगुरू म्हणजे नॉर्मन लुइस. त्यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ साली अमेरिकेत निघालं, आणि तेव्हापासून मुंबईच्या फुटपाथवर ते ज्या प्रमाणात विकलं गेलं त्या प्रमाणात मुंबईचं इंग्रजी सुधारलं असतं तर आज लंडनची माणसं शिकायला अंधेरीला उतरली असती. पुस्तक चांगलं आहे. शब्दांच्या ग्रीक-लॅटिन मुळांपासून सुरुवात करून लुइसबुवा एकेक कुटुंब उभं करतात, म्हणजे यादीपेक्षा कितीतरी शहाणं काम. पण आपल्याकडच्या बहुतेक प्रतींची पहिली साठ पानं मळलेली आणि पुढची कोरी करकरीत असतात. म्हणून ‘इंट्रोव्हर्ट’ आणि ‘एक्स्ट्रोव्हर्ट’ आज भेळेच्या गाडीवरही ऐकू येतात, कारण ती माणसं सुरुवातीलाच भेटतात. आणि खोटं बोलणाऱ्यांवरचं बहारदार प्रकरण पुढे असल्यामुळे वाचायचं राहून जातं. हे नुकसान जुहूकरांना परवडणारं नाही. लुइसबुवांनी खोटारड्यांची प्रतवारी लावून ठेवली आहे. ज्याच्यावर आता कोणीच विश्वास ठेवत नाही तो ‘नोटोरियस’, ज्याचं खोटं ही कला झाली आहे तो ‘कन्समेट’, ज्याच्या सुधारण्याची आशा संपली तो ‘इनकॉरिजिबल’, ज्याच्या जिभेवरून थापा तेलासारख्या घरंगळतात तो ‘ग्लिब’. जुन्या इमारतींचा पुनर्विकास चाललेल्या वस्तीत, नव्या घराचा ताबा कधी मिळणार या एका प्रश्नावर हे सगळे नमुने एकाच टेबलाभोवती बसलेले सापडतात. असे शब्द शिकायला कोणाची ना नाही. माणूस समोर आहे आणि त्याला नाव हवं आहे, ही शब्द शिकण्याची सर्वांत योग्य वेळ.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘हे सगळं ठीक, पण परीक्षेत शब्द विचारतात, त्याचं काय?’ विचारत होते. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या हे जीआरईतले दोन प्रकार निव्वळ पाठांतरावर जगत होते. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेने ते ऑगस्ट २०११मध्ये काढून टाकले. एसएटी या अमेरिकन प्रवेशपरीक्षेनेही २०१६मध्ये दुर्मीळ शब्दांना रजा दिली आणि उताऱ्यातल्या नेहमीच्या शब्दांचा नेमका अर्थ विचारायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२३पासून तर जीआरईच दोन तासांच्या आत आटपते. आता वाक्यात गाळलेली जागा भरायची असते, आणि ती भरायला त्या शब्दाची वाक्यात बसण्याउठण्याची पद्धत माहीत असावी लागते. परीक्षा बदलली, यादी बदलली नाही. कारण यादी विकता येते आणि वाचनाची सवय विकता येत नाही. तरी कोणाला यादीच पाठ करायची असेल तर त्याने निदान ‘झेड’पासून सुरुवात करावी. ‘ए’चे शब्द आजूबाजूला इतके आहेत की मागितले तर फुकट मिळतील.

परीक्षेचं म्हणता, तर आणखी एक गोष्ट ऐका. डॅनियल ओपनहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विनाकारण अवघड शब्द वापरल्याने काय होतं, याचे प्रयोग केले. वाचणाऱ्याला लेखक विद्वान वाटायला हवा, ही आपली समजूत. निष्कर्ष नेमका उलटा निघाला. मजकूर विनाकारण जड झाला की लिहिणाऱ्याच्या बुद्धीबद्दलचं वाचकाचं मत घसरतं. या निबंधाला त्यांनी मुद्दाम अगडबंब शब्दांचं शीर्षक दिलं होतं, आणि २००६ साली त्याला हसवून विचार करायला लावणारा इग नोबेल पुरस्कार मिळाला. आता यातली मेख बघा. ओपनहायमर तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवत होते, आणि ईटीएसचा टपालाचा पत्ताही प्रिन्स्टनच. म्हणजे ज्या गावाच्या धाकाने आपण साडेतीन हजार शब्द घोकले, त्याच गावातून ‘ते वापरू नका’ असा निरोप आला. तोवर आपले लोक ‘सी’पर्यंत पोचले होते.

मग हे शब्द वापरतं कोण? जुहूत त्यांचे हक्काचे आश्रयदाते तीन: घरांची ब्रोशर, हॉटेलांची मेनूकार्डं आणि सोसायटीची नोटीस. जुहूच्या छोट्या विमानतळामुळे आसपासच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. ब्रोशरमधल्या विशेषणांवर ती लागू नाही. मेनूकार्डात साधा पाव ‘आर्टिझनल’ झाला की पाव तोच राहतो आणि किंमत तेवढी शिकते. पण खरा अभ्यास करायचा तर लिफ्टमधली नोटीस वाचावी. चिकटपट्टीने चारी कोपरे बंद केलेला कागद, खाली सेक्रेटरीची सही, आणि मजकूर साधारण असा: ‘ऑल मेंबर्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट ड्यू टू अनफोरसीन सर्कमस्टन्सेस द वॉटर सप्लाय शॅल रिमेन कर्टेल्ड, मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू काइंडली बेअर विथ द सेम.’ यात ‘सेम’ म्हणजे काय, हे सेक्रेटरीलाही सांगता येणार नाही. पण तो शब्द नसला तर नोटीस कायदेशीर वाटत नाही. चौथ्या मजल्यापर्यंत वाचून होत नाही, सातव्यापर्यंत अर्थ लागत नाही. खाली वॉचमन प्रत्येक मोलकरणीला आणि प्रत्येक ड्रायव्हरला सांगत असतो: ‘उद्या पानी नाय, आजच भरून ठेवा.’ त्या संध्याकाळी इमारतीत ज्या बादल्या भरल्या जातात, त्या सगळ्या वॉचमनच्या वाक्यावर. सेक्रेटरीच्या मसुद्यावर एक तांब्यासुद्धा भरला जात नाही.

जुहूची सर्वांत मोठी उलाढाल सिनेमाची, आणि तिथली भाषा तर माझ्या बाजूचा सरकारी साक्षीदार आहे. हिंदी सिनेमाचे संवाद अनेक नटनट्यांच्या हातात रोमन लिपीत पडतात, ही आता लपवायची गोष्ट राहिलेली नाही. म्हणजे भाषा हिंदी, अक्षरं इंग्रजी आणि उच्चार देवाच्या हवाली. सेटवर मात्र राज्य चालतं ते ‘रोल’, ‘कट’ आणि ‘पॅक-अप’ या तीन शब्दांचं. ‘कट’ हा तीन अक्षरी शब्द उच्चारला की शंभर माणसं, दोन क्रेन आणि एक कृत्रिम पाऊस जागच्या जागी थांबतात. एवढी ताकद असलेला एकही शब्द बॅरन्सच्या यादीत नाही. पृथ्वी थिएटरच्या कॅफेत बसलेली होतकरू मंडळीही अवघड बोलत नाहीत. ‘प्रोसेस’, ‘स्पेस’, ‘लेअर’, ‘ग्राफ’ एवढ्या चार साध्या शब्दांवर दोन तास काढतात, आणि ते अवघड वाटतं याचं कारण शब्द नव्हेत, वाक्यं आहेत. जाता जाता, हे पृथ्वी १९७८ साली उघडलं ते गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकाच्या हिंदी प्रयोगाने. त्या शीर्षकातलं पहिलं जोडाक्षर ज्याला बिनचूक लिहिता येतं, त्याने इंग्रजी स्पेलिंगला भिण्याचं काही कारण नाही.

आणि ज्यांना हे सगळे फिल्मी, हलकेफुलके पुरावे वाटत असतील, त्यांच्यासाठी एक वजनदार पुरावा जुहूच्याच वाळूत आहे. जानेवारी १९२४मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत त्यांची शिक्षेतून सुटका झाली आणि मार्चपासून काही आठवडे ते विश्रांतीसाठी जुहूला समुद्राकाठी राहिले. विश्रांती नावालाच. एप्रिलमध्ये त्यांनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ची संपादकीय सूत्रं पुन्हा हातात घेतली. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास भेटायला आले. कायदेमंडळात जावं की बहिष्कार टाकावा, हा वाद. तिघेही वकील. तीन वकील आणि एक राजकीय मतभेद म्हटल्यावर अवघड शब्दांचा समुद्रच उसळायला हवा होता. पण गांधीजींचं त्या काळचं इंग्रजी काढून बघा. आखूड वाक्यं, शाळकरी मुलाला कळतील असे शब्द, आणि मतभेद आहे तिथे ‘मतभेद आहे’ असं सरळ सांगणं. लंडनच्या इनर टेंपलमध्ये बॅरिस्टरी केलेल्या माणसाला मोठे शब्द येत नव्हते, असं म्हणायला फार धाडस लागेल. येत होते आणि गरज नव्हती. जुहूत लिहिलं गेलेलं सर्वांत परिणामकारक इंग्रजी असं विनाअलंकार होतं, आणि त्या इंग्रजीने जेव्हीपीडीतल्या कुठल्याही ब्रोशरपेक्षा बरीच मोठी जागा रिकामी करून घेतली.

दुसरा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. नेमक्या अर्थाला नेमका शब्द लागतो. सगळंच साध्या शब्दांत सांगायला गेलं तर शास्त्र आणि कायदा दोन्ही बुडतील. कबूल. पण नेमकेपणा हा शब्दाच्या लांबीत नसतो, तो बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोघांना अर्थ ठाऊक असण्यात असतो. डॉक्टरांच्या कागदावर ‘इडिओपॅथिक’ असं लिहिलेलं असलं की पेशंटच्या घरच्यांना हायसं वाटतं. चला, निदान तरी झालं. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की कारण सापडलेलं नाही. दोन डॉक्टरांमध्ये तो नेमका शब्द आहे, बाहेरच्या बाकावर तीच एक भारदस्त गुंगी आहे. शब्दकोशकारसुद्धा यातून सुटलेले नाहीत. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या सुप्रसिद्ध कोशात जाळीदार विणीची व्याख्या करताना ‘रेटिक्युलेटेड’ आणि ‘डिकसेटेड’ असे दोन शब्द योजले, आणि इंग्रज तेव्हापासून त्यावर हसत आहेत. जुहू कोळीवाड्यात जाळं शिवत बसलेल्या माणसाला ही व्याख्या वाचून दाखवली तर तो जाळं सोडून वाचणाऱ्याकडे काळजीने बघेल. त्याच्याकडे मात्र कुठल्या मासळीला कोणती वीण, कुठे फाटलं की कशी गाठ, याचे आपले शब्द असतात. ते दीडशे पावलांवरच्या टॉवरमध्ये कोणाला ठाऊक नसतात, आणि त्यातला प्रत्येक शब्द कामाचा असतो. प्रगत शब्दसंग्रह म्हणायचाच तर त्याला म्हणावं.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ‘तुमचं इंग्रजी आधीच झालेलं आहे, म्हणून तुम्हाला शब्दांची चेष्टा सुचते. नेहरूनगरच्या गल्लीतून, कोळीवाड्यातून, मोरागावातून जी मुलं वर यायला बघतात, त्यांच्यासाठी हेच शब्द शिडी आहेत.’ शंभर टक्के खरं. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते याच भावनेतून, आणि त्याआधी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या पिढ्यांना या भावनेची किंमत कोणी समजावून सांगायला नको. पण शिडी पहिल्या पायरीपासून चढायची असते आणि क्लासवाले त्यांना विकतात सर्वांत वरची. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतल्या सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची यादी छापली; सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले पाचातले चार शब्द तेवढ्यात येतात. या दोन हजारांवर ज्याची मांड पक्की, तो जुहू तारा रोडवरच्या कुठल्याही हॉटेलच्या रिसेप्शनला उभा राहू शकतो. तिथे मुलाखतीत ‘लॅक्रिमोज’चा अर्थ विचारत नाहीत. संतापलेल्या पाहुण्याला खोली तयार नसल्याचं कसं सांगाल, हे विचारतात. त्याला लागणारे सगळे शब्द पाचवीच्या पुस्तकात आहेत. नसतो तो सराव, आणि चुकलं तर हसणार नाही असा समोरचा माणूस. गरीब मुलाला लॅक्रिमोज शिकवून सोडणं म्हणजे शिडी देणं नव्हे. त्याला पैठणी नेसवून लोकलमध्ये चढायला सांगणं आहे.

आता खासदारांकडे वळायला हवं, नाहीतर वाचकांची पत्रं येतील. शशी थरूर यांनी मे २०१७मध्ये ‘फॅरागो’ शब्द वापरला आणि ऑक्सफर्डच्या कोशात तो शोधायला भारतीयांची झुंबड उडाली. अर्थ निघाला सरमिसळ. जुहू चौपाटीवर तिच्यात चिंचेची चटणी घालतात. ऑक्टोबर २०१८मध्ये आपल्या पुस्तकाची घोषणा करताना त्यांनी तो एकोणतीस अक्षरी शब्द फेकला, आणि तो म्हणता येणं ही देशभरात एक पात्रता होऊन बसली. पण थरूर हे माझ्या विधानाच्या विरुद्ध जात नाहीत. ते तो शब्द मिश्कीलपणे वापरतात, लोकांनी दचकावं म्हणूनच वापरतात, आणि मुद्दा सांगायचा असतो तेव्हा त्यांची वाक्यं सरळ असतात. विनोदवीराची टोपी पाहून कोणी ती रोजच्या वापराला शिवून घ्यावी, तसं आपण केलं. तेव्हा दोष इंग्रजीचा किंवा थरूरांचा नाही. मराठीनेही हे दुखणं काढलेलं आहे. सरकारी हुद्द्यांना मराठी नावं देणारा पदनाम कोश निघाला तेव्हा लोकांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं होतं. त्यातले बरेच शब्द पुढे रुळले, कारण लोकांना रोज त्या साहेबांच्या दारात उभं राहावं लागलं. जे वापरावे लागले नाहीत, ते कागदावर राहिले.

म्हणजे शब्द शिकूच नयेत, असं म्हणणं नाही. शिकावेत; फक्त ते जिथे राहतात तिथे जाऊन शिकावेत. मोल्सवर्थ साहेब ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला माणूस. मराठी ही त्याच्यासाठी परकी भाषा आणि तिचे अवघड शब्द त्याला हवे होते. त्याने शास्त्रीपंडित हाताशी धरले, शब्द कोण वापरतो, कशा प्रसंगी वापरतो, कोणता शब्द बाजारू आणि कोणता पोथीतला, हे विचारत गेला. १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. तो कोश आजही मराठी लेखकांना लागतो, कारण त्यात शब्दाबरोबर त्याची माणसं आहेत. उलट टोकाला अमेरिकेतली स्पेलिंग स्पर्धा. २०१९ साली तिथे शब्द संपत आले आणि मुलं संपेनात, म्हणून आठ जणांना एकदम विजेते घोषित करावं लागलं. त्यातले सात भारतीय वंशाचे. त्या शेवटच्या फेरीतला एक विजयी शब्द होता बोगनवेलीचं इंग्रजी नाव. जुहूत जुन्या बंगल्यांच्या भिंतींवरून ती रस्त्यावर ओथंबलेली असते. तिचं स्पेलिंग तिला पाणी घालणाऱ्या माळ्याला येत नाही, आणि स्पेलिंग पाठ असलेल्या किती जणांनी तिचे काटे हाताला लावून घेतले असतील, कोण जाणे. दोन्ही ज्ञानंच आहेत. पण बोगनवेल छाटायची वेळ आली तर मी माळ्याला बोलावेन.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती मुंबईने मनावर घ्यावी अशी आहे. शब्द माहीत नसण्याला या शहरात कोणी हसत नाही; उच्चार चुकला की सगळे हसतात. ‘एपिटमी’ला कोणी ‘एपिटोम’ म्हणालं, ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’ म्हणालं, की टेबलावर डोळ्यांच्या खाणाखुणा सुरू होतात. जरा विचार करा. ज्याने तो शब्द घरात, शाळेत, इंग्रजी बोलणाऱ्या आजीकडून ऐकला, त्याचा उच्चार आपसूक बरोबर येतो. त्यात त्याची कमाई काही नाही. जो चुकीचा उच्चारतो, त्याने तो शब्द कोणाकडून ऐकलेलाच नाही. तो त्याला छापील पानावर, वाक्याच्या मध्ये, एकट्याने वाचताना भेटला, आणि अर्थ त्याने मागच्यापुढच्या ओळींवरून लावला. यादी पाठ करणाऱ्यांच्या गर्दीत शब्द खऱ्या अर्थाने मिळवलेला हा एवढाच माणूस. तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘एपिटोम’ म्हणालं तर हसू नका. उच्चार नंतर एकट्याला गाठून सांगा, आणि आधी विचारा, सध्या कोणतं पुस्तक वाचताय?